उन्सिनोय आपाच्या हातचा नान

आमच्या अल्तिअरिक गावच्या बायका शेतात बाह्या वर सारतात आणि पाहुण्यांसमोर खाली ओढतात. उन्सिनोय आपाने एका उन्हाळ्यात हे उलटं केलं. शेतावर निघाली की बाह्या मनगटापर्यंत, आणि घरात चार माणसं जमली की कोपराच्या वर. गल्लीतले लोक म्हणाले, म्हातारी फिरली. ती म्हातारी नव्हती आणि फिरलीही नव्हती. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न टांगणीला लागलं होतं, आणि ते तिच्या हातांवरूनच.

तिचं घर माझ्या घराला लागून आहे. मध्ये मातीची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे तिचा तंदूर. सकाळचा नमाज आटोपला की तिकडे पऱ्हाट्या पेटल्याचा वास यायचा आणि मग कणीक थापल्याचा थप थप आवाज. गल्लीत लग्न असो की मयत, नान तिच्याकडूनच जायचे. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय ती पिठाला हात लावायची नाही. हात ओला करायचा, थेट कोपरापर्यंत तंदुरात घालायचा आणि नान भिंतीला चिकटवायचा. जाड हातमोजा घाल म्हटलं तर म्हणायची, "मोज्याला चव कळते का?"

तिचा जन्म उन्हात गेला. शाळेत असल्यापासून कापूस वेचला, पुढे वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम झाली. ते दिवस संपल्यावर द्राक्षं आणि काकड्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाटाच्या पाण्यात उभी राहायची, डोक्यावर फक्त रुमाल. पन्नाशी उलटल्यावर तिच्या पोटऱ्यांवर पांढरे ठिपके आले. तांदळाच्या कणीएवढे, गोल, गुळगुळीत. मग कोपराखाली हातांवर आले. आधी पीठ उडालं असेल म्हणून ती पुसायची. पुसले जाईनात. पण खाज नाही, दुखणं नाही, म्हणून तिने ते सोडून दिलं.

सोडलं नाही ते इनोबतने.

इनोबत पलीकडच्या गावची, कापडाच्या दुकानदाराची बायको. तिच्या मुलाने, सरदोरने, आपाच्या मुलीला, मोहिराला, पसंत केलं होतं, आणि मोहिरानेही त्याला. मध्यस्थी करणाऱ्या करोमतला बरोबर घेऊन इनोबत घर बघायला आली. बोलणं मधासारखं. नजर मात्र गिऱ्हाइकाने दिलेली नोट खरी की खोटी बघावी तशी. आपा तंदुरातून नान काढत होती, तेव्हा इनोबत तिच्या हाताकडे बघत राहिली. जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर गरम नान आला. इनोबतने तो मोडला, तुकडे सगळ्यांच्या पुढे सरकवले, चहा प्याली, जर्दाळू खाल्ले आणि उठली. नानाचा तुकडा तोंडात घातला नाही. आमच्यात यावर आणखी काही बोलावं लागत नाही.

काही दिवसांनी करोमत एकटीच आली. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते.

"आपा, माझ्यावर रागावू नकोस. मी नुसती निरोप सांगणारी."

"बस तरी आधी."

"मुलगी पसंत आहे त्यांना. फार पसंत आहे. फक्त फातिहाचे दोन्ही नान त्या आणतील म्हणतात. तुम्ही त्रास घेऊ नका."

"नान भाजायचा मला कधीपासून त्रास व्हायला लागला?"

करोमतने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्या विचारतात, तुमच्या घराण्यात पेस आहे का?"

पेस म्हणजे कोड. आमच्याकडे हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. जुन्या काळी पेस झालेल्या माणसाला गावाबाहेर काढायचे, त्याची विहीर वेगळी, त्याचं कब्रस्तान वेगळं. आता तसं करत नाहीत, पण ज्या घरात पेस त्या घरची मुलगी लोक करत नाहीत, आणि त्या घरचा नान मोडत नाहीत. आणि आमच्याकडे लग्न ठरतं ते नानावरच. फातिहाच्या, म्हणजे शब्द पक्का करायच्या दिवशी एक नान मुलाकडचा, एक मुलीकडचा, पाठीला पाठ लावून वडीलधारा माणूस दोन्ही एकदम मोडतो, देवाचं नाव घेतो, आणि दोन्ही घरची माणसं तो खातात. नान मोडला की शब्द मोडता येत नाही. दोन्ही नान इनोबतचेच असले, तर आपाचं घर त्या शब्दात आलंच कुठे?

त्या दिवशी आपा भांडली नाही. घाबरली. मुलीची आई होती ना. कुणाला न सांगता ती हाजर बुवीकडे गेली. गावाच्या टोकाला राहणारी ही म्हातारी झाडपाल्याची औषधं देते. बुवीने हात उलटासुलटा केला आणि म्हणाली, "कोवळा आहे, जाईल." आमच्या माळावर आक-कुराय नावाचं झुडूप तणासारखं वाढतं. त्याचं बी तेलात कढवून पेसावर लावतात, हे औषध आमच्याकडे सगळ्यांना माहीत. "लाव आणि भर दुपारी उन्हात बस. ऊन जितकं कडक तितका गुण."

आपा छपरावर चढली. जर्दाळू वाळत घातले होते त्यांच्या शेजारी हात-पाय उघडे टाकून बसली. मी खालून ओरडले, "आपा, चक्कर येईल गं!" तिने हात हलवून मला गप्प केलं. संध्याकाळी तिचे हात लाल झाले. दुसऱ्या दिवशी फोड आले, टपोरे, पाण्याने भरलेले. पीठ मळता येईना, पेला धरता येईना.

"काय करून घेतलंस हे!"

"जर्दाळू वाळवत होते," ती म्हणाली, "त्यात मीही वाळले."

फोड सुकले तेव्हा भोवतालची कातडी चहाच्या चोथ्यासारखी काळी पडली, आणि त्यात ते ठिपके आधीपेक्षा जास्त पांढरे दिसायला लागले. करोमत आली आणि दारातच म्हणाली, "बाई गं, वाढले की!" आणि ती ते इनोबतला सांगणार हे आम्हा दोघींनाही कळलं.

तेव्हा आपाचा नवरा, एर्गाश अका, पहिल्यांदा मध्ये पडला. मुळात तो माणूस एवढा कमी बोलतो की त्याच्या टरबुजांना त्याच्यापेक्षा जास्त बोलता येत असेल. तो गाडी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बस. फर्गान्याला कातडीचा दवाखाना आहे." मला म्हणाला, "तुम्हीही चला, ती डॉक्टरशी भांडेल."

डॉक्टरीणबाईंचं नाव साओदत. त्यांनी आधी भाजलेला हात बघितला आणि काय लावलं ते विचारलं. मग पडदा ओढून खोली अंधारी केली, निळसर दिव्याखाली हात धरला, पोटऱ्या बघितल्या. पडदा उघडला.

"हे पेस नाही, आपा. हे ऊन आहे."

"ऊन?"

"आयुष्यभर ऊन खाल्लेल्या कातडीचा रंग असा थेंबाथेंबाने जातो. पोटऱ्या आणि हात, जिथे ऊन लागलं तिथेच. काय करत होतात तुम्ही?"

"कापूस."

"मग काय. कापसातली बाई माझ्याकडे आली आणि तिच्या पोटरीवर हे नाहीत, असं क्वचितच होतं. आणि तुम्ही ते घालवायला पुन्हा उन्हातच बसलात?"

आपाला वाईट वाटलं असावं, पण तिने मान वर ठेवली. "काढता येतात का?"

"येतात काही काही. अगदी गार औषधाचा एकेका ठिपक्याला हलका चटका देतात. मलमं आहेत. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, आणि येतो तोही अर्धामुर्धा. आधी हा भाजलेला हात बरा होऊ दे. आणि काहीही केलंत तरी ऊन तसंच खाल्लंत तर नवे येणार. म्हणून मुख्य औषध म्हणजे लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, उघडं राहील तिथे उन्हाचं मलम, आणि भर दुपारी सावली. एखादा डाग वेगळा दिसला, वाढला, चिघळला, तर मात्र मला दाखवायचा."

"दुसऱ्याला लागतात?"

"नाही."

"मुलीला?"

"तिने तुमच्यासारखं ऊन खाल्लं तर तिलाही येतील. रक्तातून पोरांत उतरत नाहीत." मग त्या थांबल्या आणि जरा कडक आवाजात म्हणाल्या, "आणि पेस असता तरी तो हाताला हात लावून लागत नाही. नानातून तर नाहीच. माझ्या भावाला आहे. आम्ही एका ताटात जेवतो."

बाहेर आलो. दवाखान्यासमोर तुतीचं झाड होतं, त्याखाली आपा उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मी काय गुन्हा केला गं? कापूस वेचला. सरकारला कापूस हवा होता तेव्हा ह्याच हातांचा फोटो काढून शाळेच्या भिंतीवर लावला होता. तेव्हा कुणी म्हणालं नाही, हात झाक. आणि आता झाकू?"

"डॉक्टरीणबाईंकडून लिहून तरी घेऊ या. इनोबतला दाखवता येईल."

"काय लिहून घेऊ? उन्सिनोयच्या हातचं खाल्लं तर माणूस मरत नाही? अख्खी गल्ली खाऊन ठणठणीत आहे, तिला विचारा म्हणावं."

"आणि ते चटक्याचं?"

"दुखत नाही, पसरत नाही, कुणाला लागत नाही. मग कुणासाठी काढू? इनोबतसाठी? तिच्यासाठी मी एकदा भाजून घेतलंय. पुरे."

एर्गाश अकाने गाडीचं दार उघडलं आणि एवढंच म्हणाला, "टोपी घेऊ या."

टोपी घेतली, गवताची, टरबूज झाकावं एवढी मोठी. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यांच्या लांब बाह्या कापून आपाने आपल्या शेतातल्या कपड्यांना जोडल्या. उघड्या मनगटांना मलम. दुपारी वेलीखाली. आणि घरात आली की टोपी खुंटीला आणि बाह्या वर. पाटाच्या पुलावर बायकांनी तिला गाठलंच.

"आपा, शेतात निकाह आहे का आज? एवढी झाकून?"

"निकाह नाही, काडीमोड. उन्हाशी."

"आणि घरात उघडे हात? लोक बघतात ना!"

"लोकांनी बघून माझी कातडी जळत नाही."

बायका हसल्या. पण मोहिरा हसत नव्हती. तिची बाजूही खोटी नव्हती. सरदोरचा फोन आला की ती द्राक्षांच्या मांडवाखाली जायची आणि परतताना डोळे लाल असायचे. एक दिवस भिंतीपलीकडे मायलेकींची जुंपली.

"आई, बाजारातून आण ना एक नान! एका नानाने काय होणार आहे?"

"एका नानाने लग्न होणार आहे."

"माझं लग्न! तुझं नाही. तुला त्यांच्यावर डाव साधायचाय आणि मी मध्ये मरतेय."

मग आपाचा आवाज आला, दमलेला. "बाळा, आज माझा नान नको म्हणतील. उद्या बाळंतपणाला मी आले तर म्हणतील, आजीने मूल घेऊ नये. मग तू काय करशील? तेव्हा माझ्याशी भांडशील की त्यांच्याशी?"

दार आपटल्याचा आवाज आला.

फातिहा शरदात ठरला, द्राक्षं उतरल्यावर. त्या सकाळी मी मदतीला गेले तर आपा तंदुराशी होती आणि मोहिरा पीठ चाळत होती. दोघी बोलत नव्हत्या. आपाने एक नान वेगळा थापला, मधोमध टोच्याने नक्षी काढली, वरून काळे तीळ टाकले. तंदुरातून काढला तेव्हा तो असा फुगला होता, असा तांबूस होता, की माझ्या तोंडून माशाल्ला निघालं.

पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, बायका आतल्या. इनोबत नव्या रेशमात आली होती. बरोबर तिची सासू, रोबिया बुवी, वाळून काडी झालेली, कानाने जवळपास बहिरी. इनोबतने कापड सोडलं आणि दोन पांढरेशुभ्र नान दस्तरखानावर ठेवले. "बाहेर पाठवू या का? मोठी माणसं वाट बघताहेत."

तेवढ्यात आपा आत आली. बाह्या कोपराच्या वर, हातात आपला नान.

"विहीणबाई, एक परत कापडात ठेवा. दुसरा आमच्या घरचा."

इनोबत हसली. "आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं."

"आपा, सगळ्यांसमोर नको. तुमचीच अब्रू..."

"सगळ्यांसमोरच. उलट नान पुरुषांत जायच्या आधी बोलू, तिथे मला हे करता येणार नाही." आणि तिने सरळ सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. दोघीतिघींनी तोंडावर हात घेतला. "बघून घ्या. हे पेस नाही. डॉक्टर म्हणते ऊन आहे, कापसातलं ऊन. आणि पेस असता तरी नानातून लागला नसता, पण ते राहू दे. मला एवढंच सांगा, या खोलीत कापूस वेचलेल्या किती जणी आहेत? आणि कुणाची सलवार वर जाते?"

रोबिया बुवी इकडेतिकडे बघायला लागली.

"काय म्हणते ती?"

करोमत तिच्या कानात ओरडली, "पोटऱ्या दाखवा म्हणते!"

"कशाला?"

"पांढरे ठिपके आहेत का बघायला! तुमची सूनबाई त्यांना पेस म्हणते!"

"मग आहेत की!" बुवी म्हणाली आणि सलवार वर केली. काटकुळ्या पायांवर जणू कुणी रवा सांडला होता. "ही बघ. ही पण बघ. सूनबाई, तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझ्या हातचं खातेस. आज कळलं तुला, मला पेस आहे?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. करोमतने सलवार वर केली, मी केली, कोपऱ्यातल्या दोघी एकमेकींचे ठिपके मोजायला लागल्या. इनोबत हसली नाही. तिने पाय मात्र अंगाखाली घट्ट ओढून घेतले.

हसली नाही ती आपाही. नान तसाच हातात धरून उभी होती. "मला हसू नकोय, बायांनो. उत्तर हवंय. हा नान मोडायचा असेल तर मोडा. नसेल तर पुलाव तयार आहे, पोटभर खा, उपाशी मी कुणाला पाठवणार नाही. पण मुलगी घरी राहील."

मोहिरा दारात उभी होती. आता सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. बिचारीचा चेहरा नानाच्या पिठासारखा झाला होता. मला वाटलं, ही आता आईवर ओरडेल, आणि ओरडली तर मी तिला दोष देणार नाही. ती आत आली. इनोबतच्या दोन नानांतला एक उचलून तिने कपाळाला लावला आणि अदबीने कापडात गुंडाळून ठेवला. दुसरा उचलला, आईच्या हातातून आईचा घेतला, दोघांची पाठ एकमेकांना लावली, आणि पुरुषांच्या खोलीच्या दाराशी जाऊन वडिलांच्या हातात दिले.

आम्ही आतून ऐकत होतो. सरदोरचे आजोबा दुआ म्हणाले, नान मोडल्याचा कुरकुर आवाज आला, मग सगळ्यांचा आमीन. आम्हीही हात तोंडावरून फिरवले.

तुकडे परातीत परत आले, दोन्ही घरचे मिसळलेले. पण काळे तीळ कुणाच्या नानाला होते ते सगळ्यांना माहीत होतं. परात फिरत फिरत इनोबतपुढे आली, तेव्हा तीत एकच तुकडा उरला होता, तिळाचा. तिने तो घेतला. न घेऊन करते काय? देवाचं नाव घेऊन मोडलेला नान नाकारता येत नाही, खाली ठेवता येत नाही, टाकायची तर गोष्टच नको. ती तो बोटांत धरून बसली. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, रोबिया बुवी कुठल्याशा जुन्या हंगामातली गोष्ट सांगायला लागली, पण सगळ्यांचे डोळे त्या तुकड्यावर.

आपा तिच्यासमोर येऊन बसली. उघड्या हातांनी चहा ओतला, पेला पुढे केला आणि थांबली. घाई केली नाही, नजरही हलवली नाही.

इनोबतने एक घास तोडला. चावला. चहाचा घोट घेतला, दुसरा घास तोडला.

"मीठ कसं झालंय?" आपाने विचारलं.

इनोबतने तोंडातलं गिळलं. "जरा कमी आहे."

"कमी नाहीये," आपा म्हणाली आणि तिचा पेला पुन्हा भरला.